'मस्त झालंय!'च्या पलीकडे : विद्यार्थी म्युझिक व्हिडिओसाठी प्रेक्षकांचा फीडबॅक कसा घ्यायचा

पुण्यात मास कम्युनिकेशन शिकताना आम्ही पाच जणांनी एका मित्राच्या बँडच्या मराठी गाण्यावर म्युझिक व्हिडिओ केला. लांबी ३ मिनिटं ४० सेकंद. प्रेमात ताटातूट झालेले दोघं सात वर्षांनी नदीपात्रात भेटतात, एवढीच गोष्ट. रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट, वर्गाच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात चाळीसेक उत्तरं आली : आगीची चिन्हं, टाळ्या, 'मस्त झालंय', 'भारी रे'. आम्ही खूश. त्याच रात्री मेसमध्ये जेवताना मोबाईलवर काकूंना दाखवला. हातातली पोळ्यांची परात तशीच धरून त्यांनी अख्खा पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे. बहिणीला विसरला नाही बिचारा."

बहीण?

नायकाच्या मनगटावर लाल धागा होता. नटाने कुठल्याशा देवळातून बांधून आणलेला. शूटभर आमच्यापैकी कुणाच्या नजरेत आला नव्हता. १:१२ वर ती त्याच्या हाताकडे पाहते, मग हाताचा क्लोजअप, मग तिचे भरलेले डोळे. आम्हाला तो 'एकेकाळी धरलेला हात' वाटत होता. काकूंना राखी दिसली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये अनोळखी मुलांना दाखवला, तर चौदापैकी नऊ जण 'भाऊ-बहीण' म्हणाले. रीशूट करावं म्हटलं तर जुलै महिना. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, आणि आमचं लोकेशन तर थेट पात्रातच.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी एवढं जवळ असू द्या

- गाणं वापरण्याची लेखी परवानगी. गीतकार, संगीतकार आणि रेकॉर्डिंगचा मालक वेगवेगळे असतील तर तिघांकडून.
- व्हिडिओत ओळखू येणाऱ्या प्रत्येकाचं सही केलेलं संमतीपत्र.
- स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉटचं ओळीने काढलेलं चित्र. काडीची माणसं चालतील.
- कटच्या दोन प्रती : एक स्वच्छ, एक कोपऱ्यात टाइमकोड (पळणारे मिनिट-सेकंदांचे आकडे) छापलेली.
- छापील प्रश्न आणि पेनं. पेनं खरंच न्या. आजकाल कुणाकडेच नसतात.
- ऑनलाइन फॉर्म आणि सगळी उत्तरं एकत्र ठेवायला एक शीट.

परवानगीबद्दल एक गैरसमज दर वर्षी ऐकू येतो : "अभंग जुना आहे, कुणाचाच हक्क नाही." तुकोबांचे शब्द सतराव्या शतकातले, ते मोकळे आहेत हे खरं. पण तुम्ही वापरताय ती कुणीतरी गायलेली, रेकॉर्ड केलेली फाइल. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो आणि गीतकाराचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. यूट्यूबवर व्हिडिओ अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असलेल्यांना दिसेल असा, ठेवला तरी कंटेंट आयडी (हक्काची गाणी ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) तो तपासतंच. ऐन फीडबॅकच्या दिवशी लिंक ब्लॉक झाली की मग धावपळ.

१. एक वाक्य लिहा आणि लपवून ठेवा

कुणालाही काही दाखवण्याआधी टीमने मिळून एका कागदावर लिहायचं : हा व्हिडिओ पाहिल्यावर माणसाला काय समजायला हवं, आणि काय वाटायला हवं. आमचं वाक्य असायला हवं होतं, 'हे दोघं एकेकाळी प्रेमात होते. भेट झाली, पण परत एकत्र येणार नाहीत. पाहणाऱ्याला हुरहुर लागावी.' आम्ही ते लिहिलंच नाही, कारण ते सगळ्यांना 'माहीतच होतं'. शेवटी लक्षात आलं की एडिटरच्या मते ते परत एकत्र येणार होते!

हे वाक्य म्हणजे तुमची फूटपट्टी. आलेला प्रत्येक अभिप्राय याला लावून बघायचा. प्रेक्षकांना मात्र ते शेवटपर्यंत सांगायचं नाही.

थिअरीच्या पेपरात माध्यम अभ्यासक स्टुअर्ट हॉलचं १९७३ मधलं एन्कोडिंग-डिकोडिंग घोकलेलं असतंच. बनवणारा एक अर्थ भरतो, पाहणारा आपल्या जगण्यातून कधी तोच, कधी अर्धामुर्धा, कधी भलताच अर्थ काढतो. पाच मार्कांची ती टीप इथे खरी कामाला येते.

२. तारखा मागून पुढे लावा

सबमिशनची तारीख धरा आणि उलटे आठवडे मोजा.

- ६ आठवडे आधी : लोकांना फक्त गाणं ऐकवायचं, चित्र नाही.
- ५ आठवडे आधी : अ‍ॅनिमॅटिक (गाण्यावर मांडलेली स्टोरीबोर्डची चित्रं) दाखवायचं.
- ४ आठवडे आधी : शूट.
- ३ आठवडे आधी : रफ कट, खोलीत, समोरासमोर.
- २ आठवडे आधी : सुधारलेला कट, ऑनलाइन फॉर्मवर.
- शेवटचा आठवडा : आवाज, रंग, सबटायटल. नवा फीडबॅक बंद.

पहिल्या दोन पायऱ्या बहुतेक ग्रुप गाळतात, आणि सगळ्यात स्वस्त दुरुस्ती तिथेच होते. गाणं नुसतं ऐकवून विचारा, "डोळ्यासमोर काय येतं?" आम्ही हे नंतरच्या प्रोजेक्टला केलं. गाणं आम्हाला पावसाळी वाटत होतं. ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना रात्रीचा एसटीचा प्रवास दिसला. ठेक्यात चाकांची लय होती, ती आमच्या कानांना सवयीने ऐकूच येईनाशी झाली होती. लोकेशन तिथल्या तिथे बदललं. खोट्या पावसाच्या यंत्राचं भाडं वाचलं ते वेगळंच.

अ‍ॅनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डचे मोबाईलवर काढलेले फोटो गाण्यावर ओळीने मांडायचे. डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत हे एका संध्याकाळी होतं. चित्रं वाईट असली की लोक मोकळेपणाने बोलतात. मेहनत दिसली की त्यांना बोलायला जड जातं.

३. माणसं निवडा, आणि आपली माणसं वगळा

टीममधले, टीमचे रूममेट, ज्यांना गोष्ट आधी सांगून झाली आहे ते : हे कुणीच चालणार नाहीत. गोष्ट माहीत असलेला माणूस पडद्यावर नसलेलंही पाहतो. मग उरतात तीन प्रकारचे लोक.

पहिले, ज्यांच्यासाठी व्हिडिओ आहे ते. 'तरुण' असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. 'मराठी स्वतंत्र बँड ऐकणारी, १८ ते २५ वयाची, बहुतेक वेळा मोबाईलवर हेडफोन लावून पाहणारी मुलं-मुली' असं लिहिलं की कुणाला शोधायचं हे कळतं. निम्मे लोक यांच्यातले घ्या.

दुसरे, ज्यांचा या गाण्याशी काही संबंध नाही. मेसच्या काकू, आत्या, हॉस्टेलचे वॉचमन काका. यांना तुमची स्टाइल कळली पाहिजे असं नाही. पण त्यांना काय दिसलं हे ते सरळ सांगतात. गाण्यात वऱ्हाडी किंवा मालवणी शब्द असतील तर एक माणूस त्या भागातला आणि एक तिथला नसलेला हवाच. पहिला उच्चारातली खोट पकडेल, दुसरा कुठली ओळ डोक्यावरून गेली ते सांगेल.

तिसरे, फिल्म शिकणारे सीनियर. जास्तीत जास्त दोन. ते जंप कट, अ‍ॅक्सिस, ग्रेन असलं बोलतील. उपयोगाचं असतं, पण तो प्रेक्षकांचा फीडबॅक नव्हे. वेगळ्या पानावर लिहा.

बँडलाही वेगळं ठेवा. बँड म्हणजे तुमचा क्लायंट. आमच्या बँडची एकच तक्रार होती, ड्रमर कमी दिसतो. नंतर कळलं की ती मूळ त्याच्या आईची होती.

एकूण किती माणसं? अ‍ॅनिमॅटिकला सात-आठ, रफ कटला दोन बैठकांत मिळून पंधरा, फॉर्मवर तीस-चाळीस. याहून जास्त जमवलीत तर वाचायला वेळ पुरणार नाही.

४. प्रश्न : सगळा खेळ इथे आहे

आमच्या पहिल्या फॉर्मचं पहिलंच वाक्य होतं, 'ही एका ताटातुटीची गोष्ट आहे.' पुढचा प्रश्न, 'रंगसंगतीमधून विरह जाणवतो का?' उत्तर आम्हीच हातात दिलं होतं. सगळ्यांनी 'हो' लिहिलं.

'आवडलं का?' हा प्रश्न तर विचारूच नका. आपल्याकडे समोरच्याचं मन मोडायचं नाही ही शिकवण पक्की असते. घरी आलेल्या पाहुण्याने भाजीला 'जरा तिखट झाली' म्हणावं तितकंच खरं उत्तर दुर्मीळ. १ ते ५ मधला आकडाही तसाच. मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लायकर्टने १९३२ मध्ये असल्या मोजपट्टीची पद्धत मांडली ती लोकांची मतं मोजायला. ओळखीच्या मुलाच्या प्रोजेक्टला मात्र सगळे ४ देतात. पाच दिले तर खोटं वाटेल, तीन दिले तर त्याला वाईट वाटेल. चाराच्या सरासरीचा आलेख रिपोर्टमध्ये देखणा दिसतो, त्यातून एडिटिंगचा एकही निर्णय निघत नाही.

मग काय विचारायचं? त्यांनी काय पाहिलं ते. मी आता हे प्रश्न वापरतो, याच क्रमाने :

- यात काय घडलं? तीन-चार वाक्यांत, एखाद्या मित्राला सांगाल तसं लिहा.
- हे दोघं एकमेकांचे कोण लागतात? कशावरून वाटलं?
- कुठला शॉट डोळ्यासमोर राहिला?
- गाण्यातली कुठली ओळ आठवते? (पाहून लिहू नका.)
- कुठे लक्ष उडालं? साधारण कुठल्या प्रसंगाला?
- शेवटी त्याने काय ठरवलं असं वाटतं?
- हा व्हिडिओ नाव घेऊन कुणाला पाठवाल? तिलाच किंवा त्यालाच का?
- कशावर आणि कुठे पाहिलात? हेडफोन होते का?

'कशावरून वाटलं?' हा सगळ्यात कामाचा. 'भाऊ-बहीण' एवढ्या उत्तरावर आम्ही डोकं धरून बसलो असतो. 'हातातल्या राखीवरून' या उत्तराने शॉट सापडला. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हचा प्रयोग वर्गात शिकवतात ना, तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाटीनंतर भुकेला दिसतो आणि शवपेटीनंतर दुःखी? आमच्या नायिकेचे डोळे धाग्यानंतर आले आणि बहिणीचे झाले.

शेवटचा प्रश्नही कंटाळून गाळू नका. आमचा व्हिडिओ 'फार काळा' आहे अशी चार जणांची तक्रार होती. चौघांनी दुपारी उन्हात, बसस्टॉपवर पाहिला होता.

म्युझिक व्हिडिओसाठी खास एक चाचणी : आवाज पूर्ण बंद करून पहिली वीस सेकंदं दाखवा आणि विचारा, गाणं कुठल्या प्रकारचं असेल? रॉक गाण्याला कुणी 'भावगीत' म्हणालं तर चित्र आणि गाणं दोन दिशांना चाललंय.

५. रफ कटची बैठक

एका वेळी सहा ते आठ जण. वर्ग चालेल, पण शिक्षक नकोत. ते असले की पोरं परीक्षेतली उत्तरं देतात. टीव्हीला लॅपटॉप जोडा, आवाजाला वेगळा स्पीकर घ्या, आणि सगळं अर्धा तास आधी चालवून बघा. एचडीएमआयची केबल दुसऱ्याच्या भरवशावर ठेवू नका.

प्रस्तावना करायची नाही. 'अजून कलर झालेला नाही', 'हा शॉट बदलणार आहे' असलं काहीही नाही. "तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आहे, मग थोडं लिहायचंय." बस.

पहिल्यांदा स्वच्छ प्रत लावा. टाइमकोड पळताना दिसला की माणूस आकडेच बघत बसतो. व्हिडिओ संपला की लगेच कागद वाटा आणि पाच-सात मिनिटं कुणी बोलायचं नाही. हे फार महत्त्वाचं. आधी बोलायला दिलं तर ज्याचा आवाज मोठा तो बोलतो, आणि बाकीचे सात 'सेम' म्हणतात. आमच्या कॅन्टीनवाल्या चौदा जणांना लिहायला लावलं होतं म्हणून राखी नऊ वेळा वेगवेगळी आली. बोलायला लावलं असतं तर ती एकदाच आली असती, किंवा आलीच नसती.

लिहून झालं की टाइमकोडवाली प्रत लावा. प्रत्येकाकडे वीस-वीस सेकंदांच्या चौकटींचा तक्ता द्या. २२० सेकंदांच्या अकरा चौकटी होतात. लक्ष उडेल तिथे फुली, काही कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. शेवटी गप्पा.

दिग्दर्शकाने समोर बसायचं नाही. त्याचा चेहरा बोलतो. टीममधल्या दुसऱ्या कुणीतरी बाजूला बसून पाहणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं : कोण कधी मोबाईल काढतं, कोण कूस बदलतं, कुठे हसू आलं. चेहरे रेकॉर्ड करायचे असतील तर आधी विचारा आणि सही घ्या. अकरावी-बारावीतली मुलं असतील तर पालकांची. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालची व्यक्ती बालकच धरली आहे.

गप्पांच्या वेळी टीमने फक्त दोन वाक्यं बोलायची : "अजून सांगा ना" आणि "म्हणजे नेमकं कुठे?" ज्या क्षणी कुणीतरी "अहो, तो शॉट मुद्दाम तसा आहे, त्यात ना..." सुरू करतं, त्या क्षणी बैठक संपली. मी स्वतः एका मुलीला दहा मिनिटं धाग्याचं समजावून सांगितलं होतं. तिने शेवटी मान डोलावली. काय उपयोग? यूट्यूबवर प्रत्येकाच्या शेजारी मी थोडाच बसणार होतो.

६. ऑनलाइन फॉर्म आणि लिंकचे खड्डे

- व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की दाबला जातो आणि अंधारातल्या शॉटमध्ये चौकोन दिसायला लागतात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.
- ड्राइव्हच्या लिंकची परवानगी 'लिंक असलेल्या कुणालाही' अशी करा. नाहीतर रात्री अकरा वाजता परवानगीच्या विनंत्यांचा पाऊस पडतो, आणि सकाळपर्यंत लोकांचा उत्साह गेलेला असतो.
- यूट्यूबवर अनलिस्टेड टाका. प्रायव्हेट केलात तर प्रत्येकाचा ईमेल द्यावा लागतो. आदल्या रात्रीच अपलोड करा. सुरुवातीला कमी दर्जाची प्रतच तयार होते, एचडी मागाहून.
- गूगल फॉर्मचे दोन भाग करा. पहिल्यात फक्त व्हिडिओ, दुसऱ्यात प्रश्न. एकाच पानावर असले की लोक आधी प्रश्न वाचतात आणि उत्तरं शोधत व्हिडिओ बघतात.
- 'एकालाच एक उत्तर' हे बटण चालू केलं की साइन-इन मागितलं जातं. आत्या तिथेच थांबते.
- यूट्यूबवर त्याच लिंकवर फाइल बदलता येत नाही, नव्या कटला नवी लिंक येते. त्याच फॉर्ममध्ये ती नवी लिंक चिकटवायचा मोह होतो. तसं केलंत तर जुन्या आणि नव्या कटची उत्तरं एकमेकांत मिसळतात. प्रत्येक कटला फॉर्मची नवी प्रत करा, आणि नाव 'कट ३' असं द्या. 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' या वाटेने जाऊ नका.

फॉर्म मराठीतच ठेवा. इंग्रजीत विचारलं की लोक 'नाइस' लिहून सुटतात.

७. आलेल्याचं काय करायचं

शीटमध्ये पाच रकाने : वेळ, त्यांचे शब्द जसेच्या तसे, किती जण म्हणाले, आम्हाला यावरून काय वाटतं, काय केलं. 'त्यांचे शब्द' या रकान्यात तुमची साफसफाई नको. 'पेसिंग इश्यू' कुणी लिहिलेलं नसतं; 'इथे मी चहा आणायला गेलो' असं लिहिलेलं असतं.

लोक दुखतं कुठे ते बरोबर सांगतात. औषध सांगतात ते बहुतेक वेळा चुकीचं. आमच्याकडे सहा जणांनी 'शेवट खूप लांबतो, कापा' असं लिहिलं. शेवट कापून पाहिला, तर अर्धवट वाटू लागला. मग चौकटींचे तक्ते पुन्हा काढले. फुल्या दुसऱ्या कडव्यापासूनच सुरू झालेल्या. तिथे आम्ही पहिल्याच कडव्यातले चालण्याचे शॉट परत वापरले होते. मधले बारा सेकंद उडवून तिथे बँडचे शॉट टाकले (ड्रमरच्या आईचंही काम झालं) आणि शेवट होता तसाच ठेवला. पुढच्या फेरीत शेवटाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

एकट्या माणसाचं मत कधी ऐकायचं? तो जे म्हणतोय ते तुमच्या लपवलेल्या वाक्यालाच धक्का देत असेल तर. काकू एकट्याच होत्या. त्यांनी 'गाण्यात कोरस नको' म्हटलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. त्यांनी नातंच बदलून टाकलं, म्हणून आम्ही कॅन्टीनमध्ये जाऊन खात्री केली.

आणि सगळं ऐकू नका. दोघांनी मागितलं तेव्हा तीन ओळी सबटायटल घातली, दुसऱ्या तिघांनी 'लक्ष विचलित होतं' म्हटलं तेव्हा काढली, मग पुन्हा घातली. एक आख्खा रविवार त्यात गेला. प्रत्येक फेरीला जास्तीत जास्त पाच बदल, असा नियम ठरवून घ्या.

८. रिपोर्ट आणि व्हायव्हा

एक्सटर्नलला आलेखांपेक्षा 'आधी-नंतर' बघायला आवडतं. फीडबॅकमधलं मूळ वाक्य, जुना शॉट, नवा शॉट, आणि पुढच्या फेरीत त्याच प्रश्नाला काय उत्तरं आली : अशा तीन-चार जोड्या पुरतात. न स्वीकारलेल्या एका सूचनेचं कारणही लिहा, हमखास विचारतात. प्रेक्षकांची नावं रिपोर्टमध्ये नकोत. 'मुलगी, २०, हेडफोन' एवढं पुरे. भरलेले कागद निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.

आमच्या राखीचं काय झालं? नदीत उतरता येत नव्हतं, म्हणून हाताचा क्लोजअप काढून टाकला, आणि वसतिगृहाच्या गच्चीवर तिच्या हातातल्या जुन्या चिठ्ठीचा दोन सेकंदांचा शॉट घेऊन तिथे बसवला. आभाळ तसंच राखाडी होतं, जुळून गेलं. फायनल कट काकूंना नेऊन दाखवला. पूर्ण पाहिला त्यांनी. म्हणाल्या, "हां, आता कळलं, लग्न नाही झालं यांचं." मग मोबाईल परत देताना, "गाणं जरा मोठं आहे पण."